उगाच वाजणारा अलर्ट

सकाळी अकराला लखनौच्या आमच्या ऑफिसात पडद्यावर सगळं हिरवं होतं आणि आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका हॉस्पिटलच्या औषध काउंटरवरून फोनवर फोन येत होते. डॉक्टरांनी संगणकावर लिहिलेली औषधं तिथे पोचतच नव्हती. सर्व्हरवर नजर ठेवणं हे माझं काम. "हमारे यहाँ सब ठीक है, अपना इंटरनेट देखिए," असं मी तिथल्या फार्मासिस्ट बाईंना खडसावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मैडम, लाइन गेट तक पहुँच गई है।"

मी अलर्टची यादी उघडली. औषधांच्या नोंदी तुंबल्या की वाजणारा एक अलर्ट होता. आदल्या दिवशी तो सारखा विनाकारण वाजत होता, म्हणून वैतागून मी तो बंद केला होता, मुदतीचा रकाना रिकामा सोडून; म्हणजे तो आपोआप परत चालू होणारच नव्हता. बंद केलेला अलर्ट पडद्यावर दिसत नाही.

नोंदी मोकळ्या केल्या. दुपारी मीटिंगमध्ये साहेबांनी तो अलर्ट सगळ्यांसमोर उघडला. बंद करताना कारण लिहावं लागतं. मी ते मराठीत लिहिलं होतं, इथे कुणाला कळतंय म्हणून.

"इसका मतलब?" साहेबांनी विचारलं.

'दुरुस्तीचं काम चालू' असं काहीही ठोकून देता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या बाईंचा आवाज कानातून जाईना. मी खाली बघत शब्दन् शब्द हिंदीत सांगितला.

"बेकार में रो रहा है, रोने दो।"