न घेतलेला तास

मी कोळंबीपालनाचं प्रशिक्षण देतो. एका तुकडीत सगळी विशी-पंचविशीतली मुलं होती आणि पंचेचाळिशीचा एकच माणूस. वीस वर्षं मुंबईत हॉटेलच्या भटारखान्यात काढून तो गावी परतला होता. लिहिण्याचा हात सावकाश, म्हणून तास सुटल्यावर मला गाठून विचारायचा, "सर, तेवढं परत एकदा सांगाल?"

एरेटरचा तास होता त्या दिवशी नेमकी वीज गेली. तळ्याच्या पाण्यात हवा खेळवणारी ही चाकं विजेवर फिरतात. पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, वायरचे जोड तपासायचे, हे मी प्रत्यक्ष दाखवूनच शिकवत असे. "उद्या बघू," म्हणालो. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. तास राहिला तो राहिलाच.

त्याला खाडीकाठच्या एका प्रकल्पावर काम लागलं. अधूनमधून फोन यायचा. "सर, सकाळी कोळंबी वर येऊन फिरतेय." मी सांगायचो, "प्राणवायू कमी पडतोय, एरेटर लावा." मग संध्याकाळी आठवणीने कळवायचा, आता बरी आहे म्हणून.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी एरेटरच्या चाकात शेवाळ अडकलं. ते काढायला तो वीज चालू असतानाच कमरेएवढ्या पाण्यात उतरला. वायरचा जोड उघडा पडला होता. बाकीच्यांनी स्विच बंद करून त्याला बाहेर काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको ओटीवर बसली होती. तिने विचारलं, "तुमीच शिकवलंत ना ह्यांना? स्विच बंद करून उतरायचं, येवडं सांगितलं नव्हतंत?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

तोंडातून कसं निघून गेलं, कळलं नाही. ती मान खाली घालून म्हणाली, "मग ह्यांचीच चूक."

प्रकल्पाचा मालकही पोलिसांना तेच म्हणाला. शिकलेला माणूस, प्रमाणपत्र असलेला, त्याला कळायला हवं होतं.

चार महिने मी ते घेऊन फिरलो. शेवटी पुन्हा त्या घरी गेलो आणि तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? मागच्या पडवीत सासरे आहेत, त्यांना सांगा. रोज मेलेल्या पोराला शिव्या घालतात."

म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. दोनदा सांगून कळेना. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "मी त्यांना शिकवलंच नव्हतं!" शेजारच्या अंगणातली माणसं हातातलं काम टाकून बघू लागली.

"म्हंजे माझा पोर येडा नव्हता," म्हातारा म्हणाला आणि तोंडावर पंचा धरून रडू लागला. सून दारात उभी होती. मला कुणीच बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना सगळं लिहून दिलं. माझी चूक आणि तो उघडा जोडही. चौकशी अजून चालू आहे, असं सांगतात.