सर्वपित्रीचा ड्राफ्ट

ताम्हणकर काका सर्वपित्री अमावास्येला फुटबॉल खेळाडूंचं श्राद्ध घालायचे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातला वडा हातातच राहिला. खेळाडू मेलेले नव्हते. चांगले धडधाकट, सहा-सहा फुटी, अमेरिकेत कुठेतरी गाड्या विकत असतील नाहीतर शाळेतल्या मुलांना शिकवत असतील. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेले होते, आता हे मैदान गाजवणार असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि दोन-तीन हंगामांत संघाने त्यांना सोडून दिलं होतं.

फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबुळक्या चेंडूचा. काका जपानला येण्याआधी दोन वर्षं तिकडे होते, तिथून हे खूळ सोबत घेऊन आले. इथल्या फुनाबोरीतल्या त्यांच्या घरी आम्ही पाच-सहा मराठी माणसं जमायचो, सगळी आयटीतली. मी खरं तर काकूंकडे अळूवडी शिकायला गेले होते. अळूवडी राहिली बाजूला, ड्राफ्ट मात्र शिकले. दरवर्षी कॉलेजांतले उत्तम खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात, अशा सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत निवडला गेलेला पोरगा म्हणजे घोड्यावर बसलेला नवरदेव. वरात कुठे जाणार हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

"असली थट्टा करू नये हो," काकू दरवर्षी स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"अगं, थट्टा कसली? ऑगस्ट संपताना संघ याद्या छाटतात, मागोमाग पितृपक्ष येतो. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्रीला करतात. या पोरांची तिथी कोणाला माहीत आहे? आले कधी ते पेपरात येतं, गेले कधी ते कोणी छापत नाही."

मग प्रत्येकाने एकेक नाव घ्यायचं, तो कसा धावायचा, कसा चेंडू फेकायचा ते रंगवून सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "सुरुवातीला काय वाटला होता." बाकीच्यांनी एका सुरात साथ द्यायची, "काय वाटला होता." एक वडा कावळ्यासाठी. कावळ्यांना इथे तोटा नाही, कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर जाळी टाकावी लागते ती त्यांच्यामुळेच. पण बाल्कनीत त्यांना खायला घातलं तर इमारतीच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी येते. म्हणून तो वडा दाराजवळच्या स्टुलावर राहायचा आणि शेवटी आमच्यातल्या शिर्केच्या पोटात जायचा.

नियम एकच होता आणि तो काका कडक पाळायचे. टीमने सोडलेल्याचंच नाव घ्यायचं. शिर्केने एकदा गुडघा मोडून बाकावर बसलेल्या एकाचं नाव घेतलं, तर काकांचा चेहराच बदलला. "टीममध्ये आहे ना अजून? मग जिवंत आहे. तोंड सांभाळ."

माणसं पारखायची त्यांची तऱ्हा तीच होती. पुण्या-मुंबईहून नवं कोणी कंत्राटावर आलं की काका त्याला चहाला बोलवायचे आणि तो गेल्यावर फेरी ठरवायचे. "पहिल्या दिवशी सगळेच राजबिंडे दिसतात. हिवाळा काढू दे एक, मग बोलू." मला त्यांनी तोंडावर सांगितलं, "तू सातव्या फेरीतली. तुझ्याकडे कोणाचं लक्ष नाही, म्हणून टिकशील." मला राग आला होता. आज पंधरा वर्षं झाली, टिकले आहे.

त्यांचा मुलगा ओजस मात्र, आम्हा सगळ्यांच्या मते, पहिल्या फेरीतला पहिला. दहा वर्षांचा असताना हा मुलगा निम्म्या फुनाबोरीतल्या मराठी कुटुंबांना वॉर्ड ऑफिसात आणि दवाखान्यात घेऊन जायचा आणि जपानीतलं सगळं समजावून द्यायचा. गणितात पहिला, धावण्यात पहिला. "काका, तुम्ही जिंकलात," असं आम्हीच म्हणायचो. काका हो-नाही काही म्हणायचे नाहीत, पण वड्यांची ताटली पुढे सरकवायचे. मोठ्या विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षी ओजसने विद्यापीठ सोडलं. का ते कोणाला कळलं नाही, बहुधा काकांनाही नाही. वर्षभर तो खोलीत होता. मग स्टेशनजवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, बाइतो करू लागला, तासांवर पैसे मिळणारं काम. आम्ही विचारणं बंद केलं. आमच्या गप्पा चालू असताना तो कधी घरी असला तर त्याच्या खोलीचं दार बंद असायचं. आम्हाला वाटायचं, याला आता मराठी कुठे समजतंय. काकूंनी मराठीत विचारलेल्याला तो जपानीत उत्तर द्यायचा, तेही एका शब्दात.

मागच्या वर्षीच्या आधीची सर्वपित्री. शिर्केने चेंडू फेकणाऱ्या एका क्वार्टरबॅकचं नाव घेतलं होतं, आम्ही हसून दमलो होतो. काकांची पाळी शेवटी असायची. त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "पहिली फेरी. पहिला क्रमांक. ओजस ताम्हणकर. सुरुवातीला काय वाटला होता."

आणि आम्ही म्हणालो, "काय वाटला होता."

सवयीने म्हणालो. तोंडून निघून गेल्यावर कळलं, काय म्हणालो ते. शिर्केचं हसू ओठांवर तसंच राहिलं, त्याला ते आवरताही येईना. आत काकूंनी गॅस बंद केला. काकांनी स्वतःचा नियम स्वतःच्या मुलावर मोडला होता आणि आम्ही त्याला साथ दिली होती.

दाराशी ओजस उभा होता. दुकानातून नुकताच आलेला, एका पायात बूट तसाच. भूक लागली असणार, कारण स्टुलावरचा कावळ्याचा वडा त्याच्या हातात होता. त्याने तो परत ताटलीत ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, स्वच्छ मराठीत, "मी आहे ना अजून."

एवढंच बोलून त्याने बूट चढवला आणि तो गेला. त्या आठवड्यात त्याने दोन स्टेशनं पलीकडे खोली घेतली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. मलाच अजून नीट खरं वाटत नाही.

काकांनी त्यावर काय केलं? माफी मागायची रीत त्यांना येत नव्हती. ते रोज सकाळी त्या कोन्बिनीत जाऊ लागले. एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा वळलेला मुटका, घ्यायची, मुलाच्याच रांगेत उभं राहायचं. ओजस त्यांच्याशी गिऱ्हाइकाशी बोलतात तसं अदबशीर जपानी बोलायचा.

"माझाच मुलगा मला विचारतो, पिशवी हवी का," काका मला एकदा स्टेशनच्या सायकल स्टँडपाशी म्हणाले. "एक ओनिगिरी, तिला कशाला लागते पिशवी? पण मी हवी म्हणतो. तेवढंच एक वाक्य जास्त बोलतो तो."

काकू मला ओट्याखालचा खण उघडून दाखवायच्या. त्यात घड्या घातलेल्या पिशव्याच पिशव्या. "टाकू देत नाहीत," म्हणायच्या.

जानेवारीत काका भेटले ते गोंधळलेले. "आज त्याने विचारलंच नाही. मी रांगेत होतो तेव्हाच पिशवी काढून ठेवली होती त्याने. हे काय समजायचं गं? बोलणं वाचवलं की ओळख दाखवली?"

"ओळख दाखवली, काका," मी म्हटलं.

"सातव्या फेरीतल्यांना बरं कळतं," ते म्हणाले आणि सायकल ढकलत गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याच सायकल स्टँडपाशी काका कुलूप लावायला वाकले ते खालीच बसले. त्यांच्यापाशी सगळ्यांत आधी पोचला तो दुकानाच्या गणवेशातला ओजस. एवढ्या लवकर तो तिथे कसा आला, याचं मला नवल वाटलं होतं. काकूंनी नंतर सांगितलं. रोजची वेळ टळून दहा मिनिटं झाली तरी बाबा आले नाहीत, म्हणून तो दुकान सोडून बघायला बाहेर आला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. काय बोलत होता ते कोणी ऐकलं नाही. काका वाचले नाहीत.

सप्टेंबरात ओजसचा आम्हा सगळ्यांना मेसेज आला. रोमन लिपीत मराठी: सर्वपित्रीला या, आई वडे करणार आहे. मला धडकीच भरली. जाऊ नये असंही वाटलं, पण गेले. तो आता घरी परत राहायला आला होता. स्टूल दाराजवळ होतं, ताटली होती. काकूंनी पहिला घाणा काढून गॅस बंद केला आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी सुरुवात करेना.

शेवटी शिर्के डोळे पुसत म्हणाला, "पहिलं नाव काकांचंच घेऊ या."

"नाही," ओजस म्हणाला.

आम्ही दचकलो. तो जुळवाजुळव करत, एकेक शब्द शोधत बोलत होता. बंद दारामागे बसून त्याने इतक्या वर्षांत काय काय ऐकलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं.

"बाबांचा रूल आहे. टीमने सोडलेल्याचंच नाव घ्यायचं." त्याने कावळ्याचा वडा उचलला, मोडला आणि अर्धा आईच्या हातात दिला. "आम्ही त्यांना सोडलं नाहीये अजून."

काकू तो अर्धा वडा घेऊन आत गेल्या आणि त्यांनी पुन्हा गॅस पेटवला.