विस्तवाशिवायची खिरापत

साखर कारखान्याच्या बॉयलरवर बत्तीस वर्षं काढलेल्या आमच्या शेजाऱ्यांइतका विस्तवाचा राग अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. निवृत्त होऊन कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत ते राहायला आले, ते आगीशी कायमचा काडीमोड घेऊनच. देवापुढे उदबत्ती लावायची असली तरी काकूंना हाक. चहा निवून त्यावर साय धरली की मग तोंडाला लावायचे. माझ्याकडे गॅस चालू असला तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचे. "वैनी, बत्तीस वर्सं त्या राक्षसाच्या तोंडात घास घालत बसलो की. आता एक काडी ओढायचो न्हाय." सगळी कॉलनी त्यांना बॉयलरकाका म्हणायची आणि लहान पोरी बॉयलरआजोबा.

विस्तव सुटला, पण जिभेवरची साखर काही सुटली नाही. तेव्हा काकांनी चूल न पेटवता गोडधोड करण्याचा ध्यास घेतला. निवृत्त नवरा स्वयंपाकघरात शिरला की बाईनं माहेर गाठावं, असं काकूंचं मत होतं, आणि त्या खरोखरच चार दिवस राधानगरीला जाऊन राहिल्या. परत येऊन बघतात तर पुरणयंत्रात खजूर अडकून बसलेला आणि काका पाना घेऊन ते यंत्र खोलत होते. काका काम करायचे तेही कारखान्यातल्यासारखं. अंगात खाकी शर्ट, बिस्किटांचा चुरा चाळणीतून तीनदा गाळलेला, काजू आजऱ्याचेच, आणि बघायला आलेल्यांना "मागं सरा, मागं सरा!" अशी ताकीद. खोबऱ्याचा गोळा नीट मळून आला की कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "आलं प्रेशर!"

पण या विद्येचं खरं चीज झालं ते हादग्यात. आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की आमच्या अंगणात पाटावर हत्तीचं चित्र ठेवून कॉलनीतल्या सात-आठ पोरी फेर धरायच्या. गाणी संपली की खिरापत, आणि खाण्याआधी ती ओळखायची. डबा खुळखुळवून दाखवायचा, पोरींनी एकेक नाव घ्यायचं. ओळखली तर करणाऱ्याची फजिती. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खिरापत काकांनी आपल्याकडे मागून घेतली आणि पहिल्याच वर्षी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "माझी खिरापत वळखली, की त्या दिवशी ह्यो डबा कायमचा बंद. परत हात लावायचो न्हाय." बोलायला बोलून गेले, पण काका शब्दाचे भलतेच पक्के. आम्हाला धास्तीच बसली.

काय एकेक करायचे! खजूर आणि काजू कुटून थापलेली आपट्याची पानं. खोबऱ्यात दुधाची पावडर आणि केशरी रंग मळून केलेली झेंडूची फुलं. एका वर्षी बिस्किटांचा चुरा, लोणी आणि कोकोचे हत्ती, त्यांना बदामाचे कान. पोरी नावं घ्यायच्या ती भलतीच. साटोरी, अनारसा, चिरोटा, बुंदी. काका प्रत्येक नावाला मान हलवायचे आणि शेवटी "हरलाऽऽसा!" अशी आरोळी ठोकायचे, ती पार कळंब्याच्या तळ्यापर्यंत जात असावी. एकदा आवाज फसवा यावा म्हणून त्यांनी डब्यात कारखान्यातले चार बोल्ट धुऊन टाकले. जिंकल्याच्या आनंदात काढायचे विसरले. तीन बोल्ट डब्यात सापडले, चौथा माझ्या सासूबाईंच्या कवळीला सापडला.

काकांकडे फ्रिज नव्हता. काकूंना शिळं चालत नसे. त्यामुळे आदल्या दिवशी डबा फडक्यात बांधून आमच्या फ्रिजमध्ये यायचा. फडक्याला काका बॉयलरवरची खास गाठ घालायचे. "ही गाठ माझ्याबिगर कुणाच्या बापाला सुटायची न्हाय!" मी मात्र देवाशपथ एकदाही हात लावला नाही. आमच्या पोरी दहा वर्षं हरल्या आणि मला मनातून वाटायला लागलं होतं, की या जरा मठ्ठच निपजल्या.

मग माझी अनू दहावीत असताना मी तिला रंगेहाथ पकडलं. फ्रिज उघडा, फडकं सुटलेलं, आणि बाईसाहेब वाकून डब्यातली झेंडूची फुलं बघतायत.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या वर्षापासून," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्यांना माहीत असतं गं. मी सांगते."

"मग ओळखत का नाही?"

माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आई, ओळखलं तर आजोबा बंद करतील ना!"

दरवर्षी फेर धरण्याआधी या पोरी गच्चीवर बसून कुठली चुकीची नावं घ्यायची ते ठरवत होत्या. एकदा एका नव्या पोरीच्या तोंडून "खजू..." एवढं निघालं, तर तिला दोन्हीकडून चिमटे बसले होते. मी फ्रिजचं दार लावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढे अनू शिकायला पुण्याला गेली. बाकीच्याही पोरी पांगल्या. त्या आश्विनात आमच्या अंगणात पाट मांडायला कुणी उरलं नाही. तरी काका डबा घेऊन दारात हजर. वय झालं होतं, हात थरथरत होते, पण खाकी शर्ट तोच.

"काका, आता पोरी कुठायत?"

"फोन हाय की." डबा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "यंदा गाठ साधीच घातलीया, वैनी. सोडायला कोण न्हाय."

मी फडक्याकडे पाहिलं, तर गाठ खरंच साधी होती.

"दर वर्सी माझी गाठ जायची आन् रिबनीची गाठ यायची. बॉयलरवाल्याला गाठ कळत न्हाय व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो आस्तो तर डबा बंद करावा लागला आस्ता. शब्द दिलता की."

मी हॉस्टेलला फोन लावला. अनू आली तशी मी रिसीव्हर आमच्या दोघांच्या मध्ये धरला. काकांनी दोन्ही हातांनी डबा त्याच्यापाशी नेऊन खुळखुळवला आणि ओरडले, "वळख!"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आजवर पोरीला डब्यात काय आहे ते माहीत असायचं म्हणून चुकता येत होतं. यंदा तिनं काही पाहिलं नव्हतं. बोलता बोलता बरोबर नाव निघालं तर? काकाही डबा छातीशी धरून डोळे मिटून उभे होते.

"आजोबा," अनूचा आवाज आला, "जिलेबी. कढईतली, गरमागरम."

"हरलीऽऽऽ!" काकांनी आरोळी ठोकली आणि डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे फुडच्या वर्सीबी हायच."

डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला. आत आपट्याची पानं होती, थोडी वाकडीतिकडी. मी एक खाल्लं आणि अनूसाठी चार बाजूला काढून ठेवली.