परकोटाच्या वाटेवर आबांसोबत कोण होतं?

ईशान, मुक्ता,

ज्या ग्रुपवर तुम्ही असले अनुभव वाचता आणि मला लिंका पाठवता, तिथेच हे टाकते आहे. तुम्ही वाचालच, शिवाय इथल्या कुणाला काही सुचलं तर तेही कळेल. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात कधी नजर काढली नाही की दाराला लिंबू-मिरची बांधली नाही. स्टाफरूममध्ये कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी वह्या तपासायला घ्यायची. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही... फक्त एक सकाळ त्या मतात कुठे बसत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मी चंद्रपूरला, जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला राहते. या जुन्या शहराभोवती गोंड राजांनी बांधलेली दगडी भिंत आहे. आम्ही तिला परकोट म्हणतो. तिला चार दिशांना चार मोठी दारं आणि मधे मधे लहान दारं, म्हणजे खिडक्या. माझे यजमान, माझ्या या नातवंडांचे आबा, कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. ताडोब्याला जाणारे पर्यटक चंद्रपुरात जेवतात, वाघाची चौकशी करतात आणि निघून जातात, याचा त्यांना फार राग.

"वाघ दिसन का नाई दिसन," ते म्हणायचे, "भिंत तं कुठी पळून जात नाई!"

म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी एक घडीचा नकाशा केला. गाईड नको, गाडी नको. कागद हातात घ्यायचा आणि आपलं आपण फिरायचं. नियम एकच — भिंत डाव्या हाताला ठेवायची, म्हणजे आपोआप शहराला प्रदक्षिणा होते. जटपुरा, मग बगड खिडकी, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा आणि परत जटपुरा. कुठे उभं राहायचं आणि काय पाहायचं ते मी मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. माझी विशेषणं आबांनी सगळी खोडली. "कागदानं बोट धरावं, बडबड करू नये," असं म्हणाले. एक आख्खा हिवाळा आम्ही रोज सकाळी त्या भिंतीला लागून चाललो, भांडलो, टपरीवर चहा प्यायलो. लग्नानंतर इतकं बोलायला तोवर कधी फुरसतच मिळाली नव्हती.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. व्हिडिओ कॉलवर तुमच्याकडे पाहून ते नुसते हसायचे, हे तुम्ही पाहिलंच आहे. एक गोष्ट मात्र मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही. मीही त्यांच्या आठवणीतून गेले होते. ते मला 'बाई' म्हणायचे. कामाला ठेवलेली कुणी भली बाई समजून अगदी अदबीनं वागायचे. "बाई, जरा पाणी देता काय?" पाणी दिलं की "मेहरबानी." मला दुसरं काही नको होतं... एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला कुमुद म्हणून हाक मारावी. मी जुने फोटो दाखवले, त्यांच्या आवडीचं भरीत केलं, तो नकाशासुद्धा हातात दिला. त्यांनी तो नीट घडी करून मला परत दिला.

ती डिसेंबरातली सकाळ होती, चांगलं ऊन पडलेलं. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर आबांची खुर्ची रिकामी आणि फाटक उघडं. अंगणाच्या फाटकापर्यंत जायला ज्यांना माझा हात लागायचा, ते एकटे जाऊन जाऊन किती लांब जातील? शेजारच्या वर्षाला मी घरी बसवलं, ते परत आले तर कुणीतरी हवं म्हणून. आणि जटपुरा गेटकडे निघाले.

गेटपाशी गजूभाऊची चहाची टपरी आहे. त्याला विचारलं, "भाऊ, साहेब इकडून गेले का?"

तो हसायलाच लागला. "काय मॅडम, गंमत करून राह्यल्या काय? आत्ता तं तुम्हीच घेऊन गेल्या त्यायले. मी चहा घेता काय म्हटलं, तं तुम्ही हातानंच नाई म्हटलं."

"मी आत्ता घरून येते आहे, गजूभाऊ."

"मंग मले चष्मा लागला म्हणा ना!" तो म्हणाला. पण माझा चेहरा पाहून त्यानं हातातली किटली खाली ठेवली आणि बगड खिडकीच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

माझ्या मनात आलं, कुणीतरी ओळखीची बाई भेटली असेल आणि त्यांना हाताला धरून नेत असेल. मी जवळजवळ पळतच निघाले. बगड खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ उन्हात पेपर वाचत बसले होते. हो, म्हणाले, एक जोडपं आत्ताच गेलं, इथे थांबून भिंतीकडे पाहत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंत डाव्या हाताला होती... आबा आमच्याच वाटेनं चालले होते.

अंचलेश्वर गेटवर फुलं विकणाऱ्या सुमनबाई मला पंधरा-वीस वर्षं ओळखतात. त्यांच्या नातीला मी शिकवलं आहे. मला पाहताच त्या लांबूनच ओरडल्या, "अव मास्तरीणबाई, साहेबाले कुठी सोडलं? अन् एवढ्यात लुगडं कायले बदलवलं? हिरवं किती चांगलं दिसून राह्यलं होतं!"

मला धाप लागली होती. मी विचारलं, "तुम्ही नीट पाहिलं? मीच होते?"

"आता तुम्हाले नाई वळखन तं कोणाले वळखन? दोघं जण इथी उभे राहून वर गेटावर कोरलेला हत्तीवरचा सिंह पाहून राह्यले होते. मी हाक मारली तं तुम्ही वळून बी नाई पाह्यलं. म्हटलं, आज बाई नवऱ्यासंग फिराले निंगाल्या, आता आपली काय वळख!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "साहेब किती बोलून राह्यले होते वं बाई. लय दिवसानं त्यायचा आवाज आयकला."

आबा महिनोन् महिने चार शब्दांच्या वर बोलले नव्हते.

आणि हिरवी साडी... माझ्याकडे हिरवी साडी एकच होती. नकाशाच्या त्या हिवाळ्यात मी ती कितीदा तरी नेसले होते. विरली तेव्हा तिची गोधडी शिवली. मुक्ता, ती तुझ्या पलंगावर आहे.

पुढे माझे पाय चालेनात. मी ऑटो केली. सगळ्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना पाहत होते, आबा दिसले नाहीत. ते सापडले पठाणपुरा गेटच्या आत, एका दगडावर बसलेले. अंगात स्वेटर, बटणं नीट लावलेली. सकाळी मी ती लावली नव्हती. ते लावू देत नसत. शेजारी एक ढिवराची, म्हणजे मासेमाराची बाई टोपलीत झिंगे घेऊन विकायला बसली होती. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी ऑटोतून उतरले तशी ती माझ्याकडे टक लावून पाहू लागली.

"तुमची जुळी बहीण आहे काय बाई?"

"नाही. मला बहीणच नाही."

"मंग ते कोण होती? तिनं यायले इथी बसवलं, बटनं लावून देल्ली अन् गेली गेटाच्या भाईर, नदीच्या अंगानं. तिचं नाव कुमुद होय ना? हे बुडगे बाबा कवाचे कुमुद-कुमुद करून राह्यले होते. दोघं हासत बी होते. मले तं बाई, पाहूनच बरं वाटलं."

मी गेटाबाहेर जाऊन पाहिलं. सरळ रस्ता, ऊन, दोन सायकली. हिरव्या साडीतलं कुणी नव्हतं.

परत येऊन आबांसमोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. चेहरा इतका निवांत होता की मला वाटलं, आता हाक मारतील.

"आल्या काय बाई?" ते म्हणाले. "कुमुद सांगूनच गेली, एक बाई घ्यायले येतीन म्हणून. म्हणे, त्यायच्यासंग चूपचाप जायचं, त्यायले तरास नाई द्यायचा."

आणि त्यांनी हात पुढे केला.

'मीच कुमुद' असं मी म्हणाले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सुख मोडायला मन होईना. हात धरून त्यांना ऑटोत बसवलं.

त्यानंतर त्यांनी मला खरंच कधी त्रास दिला नाही. गोळ्या मुकाट घ्यायचे, आंघोळीला उठायचे. अधूनमधून विचारायचे, "कुमुद कधी येईन?" मी म्हणायची, "येईल हं." उन्हाळ्याच्या शेवटी आबा गेले. तेव्हा त्यांचा हात माझ्याच हातात होता. पण तो त्यांच्या लेखी कुणाचा होता, ते मी स्वतःला विचारत नाही.

तुमची आई म्हणाली, कुणीतरी दुसरी बाई असेल, लोकांनी बोलता बोलता गोष्ट वाढवली. असेलही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटना कधी कधी जुनी वाट जशीच्या तशी आठवते. तेही खरं असेल. पण त्या डॉक्टरांनी गजूभाऊला पाहिलं नाही, आणि मला आधी कधी न पाहिलेल्या त्या झिंगेवालीला माझी जुळी बहीण कुठून दिसली, हे तुमच्या आईला सांगता आलं नाही. उत्तर शोधणं मी हळूहळू सोडून दिलं.

ती कोण होती यापेक्षा मला एकच गोष्ट खाते. त्या दिवशी ऑटोत मी आबांना विचारलं होतं, अगदी परक्या बाईनं विचारावं तसं, "कुमुदताई काय म्हणाल्या हो? इतका वेळ काय बोलत होतात?"

आबा थोडे लाजले. मग माझ्याकडे वळून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले,

"ते आमचं दोघांचं आहे, बाई."