तासभर मराठी न बोलणारी जयू

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं घोळ नको. मी, गिरजा. शेजारच्या खोलीतली जयू, जिच्यासाठी आम्ही जमलो होतो. तिची आई सुनंदा, ओट्याला पाठ लावून. तिचा बाप दिलीप दारात, सेकंड शिफ्टला जायचे कपडे घालून. चाळीतल्या पिंकी आणि पारुल, दोघी माझ्या शेजारी. आणि तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलमध्ये एक बाई, व्हिएतनामच्या शाळेची. जयूला शिकवता येतं का ते ती बघणार होती. आलं तर जयू तिकडं मास्तरीण. नाही तर एक तारखेपासून दिलीपच्या कंपनीत, माल रवाना करायच्या टेबलावर. दिलीपनं मॅनेजरला चार वेळा विनवून ती जागा अडवून ठेवली होती.

आमची चाळ सिल्वासात, डोकमर्डीला. जयूला मी ती चार वर्षांची असल्यापासून बघते. बारीक अंगाची, कपाळ मोठं, चालताना हात जोरात हलवायची. कॉलेज झालं आणि तिनं मोबाईलवरच इंग्रजी शिकवायचा कोर्स केला. तिकडच्या पोरांना आपलं काहीच कळत नाही, ना मराठी, ना गुजराती, ना हिंदी. म्हणून शिकवताना आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून काढायचा नाही, असा त्यातला नियम. तो नियम जयूनं घरात लावला. रोज चार ते पाच. त्या तासात काही झालं तरी पोरगी मराठी बोलायची नाही.

एकदा दूध उतू जात होतं. सुनंदा बाहेर कपडे वाळत घालत होती. जयू दारात येऊन हातवारे करते आणि इंग्रजीत काहीतरी सांगते.

"अगं बोल ना नीट, तोंड शिवलंय का?" सुनंदा म्हणाली.

जयूनं आईचा हात धरला, शेगडीपाशी नेलं, आणि सांडलेल्या दुधाकडं बोट करून म्हणाली, "मिल्क."

"आता शिकवतेस व्हय? सगळं सांडल्यावर?"

पाच वाजले तेव्हा जयूनं मराठीत माफी मागितली. तोपर्यंत नाही.

एक दिवस माझ्या दारात येऊन बसली. "आजी, तू माझी शाळेतली पोरगी हो."

मी म्हटलं, "माझे दात पडायला आले."

"पिंकी-पारुलला ॲपल, बनाना सगळं येतं. त्यांना काय शिकवू? मला एकदम कोरं माणूस पाहिजे. तुझ्याइतकं कोरं या चाळीत कोणी नाही."

ते खरं होतं. माझं माहेर शिरपूरकडचं. मी शाळेत एक दिवस गेले. दुसऱ्या दिवशी बहीण झाली, तिला सांभाळायला मला घरी ठेवलं. पुढं लग्न झालं, नवऱ्याबरोबर सिल्वासाला आले. तो कंपनीत ट्रक भरताना पडला, सहा महिने खाटेवर राहिला आणि गेला. पोरगा पाचवीत होता. तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी सुताच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहिले, ती बावीस वर्षं. पगाराच्या कागदावर अंगठा लावायचे. रडायला सवड नव्हती, आणि आता सवड आहे तर रडायला येत नाही. असो. सांगायचं जयूचं आहे.

मी बसले तिच्यासमोर. पहिले काही दिवस चमचा, ग्लास, टोमॅटो, कांदा. ती वस्तू हातात धरायची, नाव सांगायची, थांबायची. मी चुकले की रागवायची नाही. एक शब्द म्हणायची, "अगेन." म्हणजे परत. तो एवढ्या वेळा म्हणाली की पहिला तोच शिकले. तास सुटल्यावरही तिचं तेच. भाकरी करपली, परत. अर्ज केलेल्या कुठल्या शाळेनं नाही म्हटलं, परत. दिलीप वैतागायचा. "हिला दुसरं काही येतच नाही. परत, परत. मशीन अडकल्यासारखी."

मला मात्र ते बरं वाटायचं. कंपनीत चुकलं की सुपरवायझर ओरडायचा, घरी चुकलं की सासू. परत कर, असं शांतपणे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

मग तो दिवस आला. जयूला वाटलं, कांदे-टोमॅटो मोबाईलमध्ये चांगले दिसायचे नाहीत, रंग पाहिजेत. दिलीपनं भंगारातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणून दिल्या होत्या. सूत गुंडाळतात त्या नळ्या, निळी, हिरवी, पिवळी, लाल. नवरी सजवावी तशा तिनं त्या चटईवर मांडल्या. माझ्याबरोबर नळ्यांचा सराव केला नव्हता. रंगांची नावं मला भाज्यांवरून, कपड्यांवरून येत होती, म्हणून तिला गरज वाटली नाही.

निळी मागितली, मी दिली. हिरवी मागितली, दिली. मोबाईलमधली बाई मान हलवत होती. मग जयू म्हणाली, "गिव्ह मी रेड."

मी लाल नळी उचलली आणि माझ्या डाव्या हाताला, खाली फरशीवर ठेवली.

"अगेन. गिव्ह मी रेड." तिनं नळी परत चटईवर ठेवली. मी उचलली, डावीकडं ठेवली. पिंकी हसली. तिसऱ्यांदाही तेच. माझं मला कळत होतं की काहीतरी चुकतंय, पण हात थांबेना. आणि जयूच्या तोंडातून निघून गेलं, "आजी, मला दे ना गं."

मोबाईलमधल्या बाईनं खाली बघून काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी नकार आला.

दिलीप मला काही बोलला नाही. जयूला म्हणाला, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "कोरं माणूस पाहिजे होतं ना तुला? आता एक तारखेला चल माझ्याबरोबर." सुनंदा म्हणाली, "हळू बोला, मावशी ऐकतील." ऐकलं होतंच मी. त्या संध्याकाळी मला भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जयू माझ्याकडं आली. आणि पहिल्यांदा त्या तासात मराठी बोलली.

"आजी, तुला रेड येत होतं ना?"

"येत होतं."

"मग मला का दिली नाहीस?"

मी तिला सांगितलं. आमच्या पॅकिंग खात्यात लाल नळी म्हणजे बिघडलेला माल. एका लॉटचं सूत दुसऱ्यात मिसळलं की ते लाल नळीवर जायचं. डोळ्याला तसं कळत नाही, पण कापड रंगवलं की पट्टा उठतो, आणि सगळा माल परत येतो. म्हणून सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाल आगे नहीं जाएगा, बेन. किसी के हाथ में नहीं देना." समोर लाल आली की डावीकडं खाली ठेवायची, पुढच्या बाईच्या हातात द्यायची नाही. बावीस वर्षं. एकदा चुकून पुढं दिली तर दोन दिवस मला घरी बसवलं होतं. काम सुटलं, पण हाताला कोणी सांगितलं नाही की सुटलं.

जयू ती लाल नळी घेऊन आली होती. नळी हातात फिरवत बसली.

"म्हणजे चूक माझी," ती म्हणाली. "मी तुझ्या तोंडाला विचारलं. तुझ्या हाताला विचारलंच नाही."

मग उठली. "परत. दुसरी शाळा आहे, तिथलीच. सोमवारी बघणार आहेत."

"मी नाही बसत," मी म्हटलं. "पारुलची आजी घे. तिलाही काही येत नाही."

"तूच बसायचं."

"आणि परत ठेवली तर डावीकडं?"

"तर ठेव."

"मग नळ्या तरी बदल. चमचे घे."

"नाही. त्याच नळ्या. तिकडं काय प्रत्येक पोराला मी चमचे देणार आहे?"

असं तिचं. ऐकायची नाही.

सोमवारी दिलीप कामाला गेला नाही. दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. मोबाईलमध्ये दुसरी बाई, हिचे केस पांढरे. मी मनाशी घोकत होते, जयूच्या हातात द्यायची, जयूच्या हातात द्यायची. निळी दिली. हिरवी दिली. पिवळी दिली.

"गिव्ह मी रेड."

मी उचलली, आणि माझा हात निघाला डावीकडं. मला दिसत होतं की चाललाय. थांबवता येईना. पण या वेळी जयू समोर नव्हती. ती उठून माझ्या डाव्या अंगाला येऊन फरशीवर बसली होती, आणि जिथं मी नळी ठेवायचे तिथं तिनं आपला तळहात धरला होता. नळी तिच्या तळहातावर पडली.

"रेड," ती म्हणाली. "थँक यू."

मग ती थोडी पुढं सरकली. परत मागितली. माझा हात तिच्या मागं गेला. अशी सरकत सरकत ती माझ्या समोर येऊन बसली, आणि शेवटी मी लाल नळी तिच्या हातात दिली, सरळ, समोर. एक शब्द मराठी नाही. दिलीपनं हाताची घडी सोडली. पांढऱ्या केसांची बाई काही लिहीत नव्हती, नुसती बघत होती.

आठ दिवसांनी होकार आला. जायच्या दिवशी दिलीपनंच रिक्षा आणली वापी स्टेशनापर्यंत. जयूनं बॅगेत लाल नळी घातली तेव्हा सुनंदा म्हणाली, "स्वेटरला जागा नाही, आणि भंगार घेऊन चालली." माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "जेवत जा."

तिकडं सोपं नव्हतं. पहिल्या महिन्यात पोरांच्या आया तक्रार घेऊन आल्या, ही कसली इंग्रजीची बाई, गोरी तर नाही. शाळेनं तिला विचारलं, लहान वर्ग घेशील का, जिथं आया कमी बोलतात. तिनं लहान वर्ग घेतला आणि त्याच आयांना वर्गात मागं बसवलं. फोनवर मला म्हणाली, "आजी, एक पोरगा तीन आठवडे बोललाच नाही. नुसता दप्तराचा पट्टा ओढत बसायचा. मी त्याच्याजवळ जाऊन पट्टा ओढायला लागले. आता बोलतो." तीन वर्षं झाली. अजून तिथंच आहे.

हे मी बोलते आहे आणि पिंकी लिहून घेते आहे. हे जो कोणी वाचेल त्याला एकच मागते. तुमच्या घरात, शेजारात, अंगठा लावणारी एखादी म्हातारी असेल. तिच्यासमोर रोज तासभर बसा आणि तिला काहीतरी शिकवा. ती चुकली तर ओरडू नका. तिचा हात कुठं जातो ते बघा, आणि तिथं आपला हात धरा.