गाव कुठलं?

यशवंतपूरच्या फलाटावर मराठी कानावर पडलं आणि मी नेहमीची चूक केली. शेजारी बसलेल्या तरुणीला गाव विचारलं. बेंगळुरात मराठी माणूस दिसला की त्याची-माझी एक तरी ओळख निघाल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिच्या तोंडून गाव निघून गेलं. "अहो, आमच्या समोरचे तिथलेच!" म्हणत मी त्यांना फोन लावलासुद्धा.

तिने माझा हात धरला. "काका, बंद करा. आम्ही पळून लग्न केलंय. माझे भाऊ मागावर आहेत. पुणं सोडलं, हुबळी सोडली, आता हेही."

मी फोन कापला. तिचा नवरा उभाच होता, जिन्याकडे बघत. तिच्या खांद्यावरची बॅग तशीच होती.

"खाली तरी ठेव गं ती," माझी बायको तिला म्हणाली.

"सवय गेली, काकू. खोलीवरसुद्धा सामान उघडत नाही आम्ही."

गाडी आली, दोघं चढली. कुठे निघालात, हे मी जन्मात पहिल्यांदा विचारलं नाही.

तेवढ्यात समोरच्यांचा उलटा फोन आला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला. "काही नाही हो भाऊजी, चुकून लागला. यांना फोन कुठे धड वापरता येतो?"