दौंडची शर्यत आणि डिकीतली पिवळी छत्री

शनिवारी दुपारी रांजणगावहून शिरूरला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी सांगून टाकलं, उद्या दौंडला मोटारींच्या शर्यतीला जाणार. मागच्या सीटवरून लगेच सल्ला आला, "जावा की, पण छत्री नेऊ नगा. तुमची छत्री दिसली की नाना हरत्यात." सगळी बस हसली. मीही हसलो. त्या हसण्याचं आता वाईट वाटतंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

नाना म्हणजे शिरूरचे गॅरेजवाले विलासनाना. मातीच्या ट्रॅकवर जुनी पांढरी गाडी पळवतात. मागची सीट काढलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. सहा वर्षांत मी त्यांची एकही शर्यत चुकवलेली नाही. मैदान कुठलंही असो, माझी जागा ठरलेली. सगळ्यांत लांब सरळ पट्टा जिथं संपतो, तिथल्या वळणाच्या थोडं अलीकडं, दोरीबाहेरच्या बांधावर. तिथं नाना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतात, इंजिनाचा आवाज क्षणभर खाली येतो आणि गाडी आडवी होत वळणात शिरते. ते बघायला मी उन्हात उभा राहायचो, डोक्यावर मोठी पिवळी छत्री धरून. एवढं असून नानांशी कधी बोललो मात्र नाही. मी पडलो भिडस्त.

दोन वर्षांपासून नाना हरायला लागले. नवी पोरं आली, नवी इंजिनं आली, आणि लोकांचा नमस्कार उगवत्या सूर्याला. मी जाणं सोडलं नाही. पण मागच्या तीन शर्यतींना छत्री डिकीत ठेवली आणि मंडपात खुर्ची धरली. त्यातल्या दोनदा नाना वळण चुकून बाहेर गेले, एकदा बांधावर आदळले. छत्री पनवती आहे म्हणून बाहेर काढत नाही, असं मी घरी म्हणालो. बायको भाकरी थापताना न बघताच म्हणाली, "अहो, छत्रीला कशाला बोल लावता? लाज वाटते म्हणा की." बाण बरोबर लागला होता. मी विषय बदलला.

रविवारी साडेसहाला निघालो. शिरूरहून न्हावरा, मग पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून चौफुला, तिथून हायवेनं पाटस आणि दौंड. दोन तास धरून चाला. गाळपाचे दिवस असतील तर अडीच, कारण उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला की त्याच्या चालीनंच जावं लागतं. न्हावऱ्याला मिसळ खाल्ली. रस्सा मागाल तेवढा देतात, पाव मात्र बेताचे. पुलावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. खाली पाणी संथ होतं, थंडी अंगाला बरी वाटत होती, आणि आज नाना जिंकतील असं उगाच वाटून गेलं.

मैदान दौंडच्या अलीकडं, पडीक रानात. पार्किंग फुकट, पाण्याची बाटली मात्र बरोबर न्या. गाडीतून उतरल्यावर डिकी उघडली. छत्री दिसली. बसमधलं हसू आठवलं आणि डिकी लावून टाकली.

मंडपात शेजारी पाटसकडचे एक आबा बसले होते. पायाशी पिशवी, पिशवीत शेंगा. त्यांनी मूठभर माझ्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "तुमची कुठली गाडी?"

"कुठली नाही. असंच आलोय बघायला."

"मंग ती पांढरी बघा. लय जुना गडी हाय. एका काळी त्याच्या म्होरं कुनी टिकत न्हवतं."

मी मान हलवली आणि शेंगा सोलत बसलो. सहा वर्षं एकही शर्यत न चुकवलेला मी, आणि नानांची ओळख मला परका माणूस करून देत होता.

गाड्या थोड्या थोड्या अंतरानं सोडत होते. नानांची शेवटच्या फेरीपर्यंत तिसरी होती. लांब पट्ट्यावर पुढच्या गाडीनं असा धुरळा उडवला की वळण दिसेना. मी कान लावून बसलो. इंजिनाचा आवाज खाली यायला हवा होता तिथं आला नाही. आला तो उशिरा, आणि पांढरी गाडी वळण सोडून सरळ ढेकळांत गेली. सहांत पाचवी.

"संपला गडी," आबा म्हणाले. ते हळहळूनच म्हणाले, पण मला तिथं बसवेना.

शर्यतीच्या गाड्या लावतात तिकडं पहिल्यांदाच गेलो. नाना बॉनेटला टेकून चहा पीत होते, भुवयांपर्यंत माती. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"छत्रीवाले ना तुम्ही? बरं झालं आलात. मला वाटलं तब्येत बिघडली का काय."

मी गोंधळलो. "तुम्ही ओळखता मला?"

"नाव न्हाई ठावं. पर धुरळ्यात वळण दिसत न्हाई ओ. कुनी झाड धरतं खुनंला, कुनी खांब. मी तुमची छत्री धरायचो. पिवळं दिसलं की पाय उचलायचा. दर टायमाला तुम्ही बरुबर तिथंच."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"काय सांगायचं? मानूस आपल्या हौसेनं हुभा ऱ्हातो. सांगितलं की त्याची ड्युटी झाली."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "नाना, छत्री गाडीतच होती. आजही आहे. आणू?"

ते हसले. "आता कशाला? ऊन उतरलं. आन् गाडी इकली म्या, हितूनच चाललीय. बारामतीचं पाव्हनं न्यायला आल्यात. मनाला लावून घिऊ नका, इंजिनबी थकलं हुतं."

इंजिन थकलं होतं हे खरंच. छत्री असती तरी नाना पहिले आले नसते. पण शेवटच्या शर्यतीत ते ढेकळांत गेले नसते, तिसरे आले असते. मी त्यांच्यामागं होतो, असं सहा वर्षं सांगत आलो. त्यांना माझी गरज होती तेव्हा मंडपात शेंगा खात होतो.

परतताना पारगावच्या पुलावर लक्षात आलं, नाव सांगायचं राहिलंच. दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही कधी अशा शर्यतीला गेलात तर टोपी न्या, पाणी न्या, नाकाला रुमाल बांधा. मंडपात सावली चांगली असते, निकालही आधी कळतो. पण तुमचा माणूस हरत असेल तर आपली जागा सोडू नका.

सोमवारी बसमध्ये चढलो तर मागच्या सीटवरून विचारणा झाली, "काय झालं ओ दौंडला? कोन आलं पहिलं?"

"ते माहीत नाही," मी म्हणालो. "आमची गाडी पाचवी आली."

आबांनी कुठली गाडी म्हणून विचारलं, तेव्हाच असं 'आमची' म्हणायला हवं होतं.